मामाची जागा

एकोडी, ता. ५ मार्च २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर बोलाची सोय नाही, भाऊ तुमच्या बाजूलेच बसून राहते. माह्या रुपाच्या लग्नाले येणार नाही म्हणते भाऊ! आधी गुडघा दुखते म्हणे, मंग घराले रंग द्याचा आहे म्हणे. अक्षय तृतीयेच्याच दिवशी रंग? मंगलाष्टकाच्या वेळी नवरीच्या मागं सख्खा मामा लागते, हे का मी सांगू? चुलतभाऊ श्रावणले उभा कर म्हणते. रुपा म्हणते, मधुकरमामा नसन तर मी मंडपात येतच नाही. आणि साकोलीचे व्याही वासुदेवराव किती कडक आहेत, तुम्ही पाहिलंच.

पत्रिकेत भाऊचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणून रुसला का? तसं असन तर नवीन पत्रिका छापतो. खरं काय ते लिहा. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची
कुंता


पवनी, ता. १२ मार्च २०२५

चि. सौ. कुंता हिस,
अ. उ. आ.

तुझा भाऊ रुसलेला नाही, आणि घरात रंगाचा डबाही नाही. गोष्ट वेगळी आहे आणि ती लिहायला हात अडतो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर त्या विषयाचं नावसुद्धा घेऊ देत नसत, नुसतं बोट वर करायचं. एवढ्यावरून तू ओळखशील.

दोन वर्षं झाली, ह्यांच्या पोटात मुरडा येतो नि लगेच पळावं लागतं. कधी उलट, चार-चार दिवस काहीच नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, दुर्बीणही घातली. आयबीएस म्हणाले. आतडी धडधाकट आहेत, फक्त फार हळवी. मनानं जरा धसका घेतला की पोट कांगावा करतं. जिवाला धोका नाही, पण औषधाबरोबर रोजच्या वागण्यालाही शिस्त हवी. आमच्या वैद्य ललिताबाई ह्याला ग्रहणी म्हणतात; अग्नी कधी मंद, कधी भडकलेला. डॉक्टरांचं औषध त्यांनी थांबवू दिलं नाही. वर ठरल्या वेळी साधं जेवण, सुंठ-जिरं घालून ताजं ताक, आणि पाचाऐवजी एकच चहा. चहाचं ऐकल्यावर ह्यांना त्यांच्या पदवीची शंका आली.

काय खाल्लं नि पुढे काय झालं, त्याची वही ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय. मी ती चोरून वाचली. ‘वरण-भात, दोडका : शांत.’ दुसऱ्या दिवशी, ‘वरण-भात, दोडका, भंडाऱ्याची बस : तीनदा.’ पुढे, ‘उपाशी. शुभांगीच्या बहिणीचा फोन : दोनदा.’ म्हणजे दोडक्याचा काही दोष नाही गं. जिथून पटकन उठता येत नाही, तिथं ह्यांचं पोट बिघडतं.

आणि मंगलाष्टकांतून कोण उठणार? परवा म्हणाले, चारशे लोकांसमोर मामा पळाला, तर रुपाला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. म्हणताना डोळे भरून आले होते. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन तलावाच्या पाळीवर फिरणारा माणूस तो! मी कळवलं हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस. तुझा लोभ आहे तसा असावा.

तुझी वहिनी
शुभांगी


एकोडी, ता. २४ मार्च २०२५

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

वहिनीवर रागावू नको. एवढ्याशा गोष्टीसाठी रंगाचं नाटक कायले केलं? ऐक. मंडप मी उलटा फिरवून राहिलो. नवरीची जागा आता आपल्या मागच्या आंगणाकडं. तुह्या पाठीपासून संडासाचं दार सात पावलं, मी स्वतः चालून मोजले. मंधात पडदा टाकतो, कोणाले दिसणार नाही. दिशा चुकते म्हणून भटजीनं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, दिशेचं पाप माह्यावर, तुम्ही मंगलाष्टकं पाचावर आणा. जेवाले तुले वेगळं वरण-भात नि ताक.

कोणालेच सांगितलं नाही. फक्त शेजारच्या पार्वताबाईले, काहून की तिनं रचलेलं मंगलाष्टक कापलं. आणि आपल्या चंद्रकुमारले, काहून की तिथं नळ तोच बसवून राहिला.

तू आला नाही तर रुपाच्या मागची जागा खाली ठेवीन, पण श्रावणले उभा करणार नाही. बस. जीव लावतो तसा लावत जा.

तुही
कुंता


पवनी, ता. १ एप्रिल २०२५

चि. सौ. कुंतास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. ते पोस्टकार्ड होतं, पाकीट नव्हतं. हातात देताना पोस्टमननं त्याच्या सासऱ्यालाही असंच होतं असं सांगितलं, आणि ओवा सुचवला. आता पवनीत कोणाला सांगायचं उरलेलं नाही, त्यामुळे लपवायचा त्रासही उरलेला नाही. कालपासून पोट बरं आहे.

येतो. रुपाला सांग.

तुझा भाऊ
मधुकर


पवनी, ता. ४ मे २०२५

चि. सौ. कुंता हिस,
अ. उ. आ.

आम्ही सुखरूप पोचलो. तिथं गर्दीत तुझ्याशी नीट बोलताच आलं नाही, म्हणून हे पत्र.

तू पाहिलं नसशील, पण मंडपात आल्या आल्या ह्यांनी आधी ती सात पावलं चालून पाहिली, कडी लावून-काढून पाहिली, नि परत येऊन उभे राहिले. पाचवं मंगलाष्टक संपलं, मी सुटकेचा श्वास टाकला, तोच तुझ्या पार्वताबाईंनी माइक धरला! सहाच्या सहा कडवी म्हटली गं बाईनं. माझे डोळे एकदा ह्यांच्याकडे, एकदा पडद्याकडे. हे हलले नाहीत. रुपाच्या खांद्यावर हात ठेवून नुसते रडत होते. नंतर म्हणाले, दार मागे आहे एवढं ठाऊक होतं, मग पोटानं विचारलंच नाही. दुखणं गेलं असं नव्हे. ते येत-जात राहणार, हे डॉक्टर नि ललिताबाई दोघांनीही बजावलंय. पण मामाच्या जागी शेवटपर्यंत उभं राहता आलं, एवढंच त्यांना पुष्कळ झालं.

चौथ्या कडव्याला पडद्याआड कोण गेलं, ते तुला चंद्रकुमारनं सांगितलंच असेल. तुझे कडक व्याही! परतले तेव्हा चेहरा उतरला होता. ह्यांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन आपल्या ताटातलं वरण-भात नि ताक पुढे केलं. बाकीची पंगत उठली तरी दोघांचं बोलणं संपेना. वासुदेवरावांना हे अठरा वर्षांपासून आहे, घरात कोणाला ठाऊक नाही. ललिताबाईंचा पत्ता त्यांनी रुमालावर लिहून घेतला.

रुपा गाडीत बसताना हे तिचा हात सोडेनात. तेव्हा वासुदेवराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, मधुकरराव, पोरीकडे केव्हाही या, कितीही दिवस राहा. आमच्याकडे संडास दोन आहेत, एक तुमचाच समजा.

ह्यांनी हात सोडला.

घर सुनं लागत असेल, चार दिवस इकडे ये. आम्हा दोघांवरची तुझी माया अशीच आडदांड राहू दे.

तुझी वहिनी
शुभांगी