फळ्यावरून उतरवलेली एकजूट

प्रिय बाई,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं म्हणून आज आपल्या शाळेत, जिथे आता मी शिकवते, तुमच्या नावाने कार्यक्रम झाला. घरी आले ती चहासुद्धा न घेता लिहायला बसले. दुसऱ्या कुणाशी बोलले असते तर भांडणच झालं असतं.

कर्जतहून तुमचा मोठा फ्लेक्स छापून आणला होता. 'कृतिशील शिक्षणाच्या अग्रणी'. अग्रणी! याच लोकांनी तुम्हाला 'चिखलबाई' नाव ठेवलं होतं ना? बाई पोरांना ओढ्यात उतरवतात, धडे पुरे करत नाहीत, अशी तक्रार घेऊन जे दोघे खालापूरला शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले होते, ते आज पहिल्या रांगेत रुमाल काढून बसले होते. आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? नुसत्या हसलात. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, बाई. एकदा तरी खडसावायचं होतंत.

आम्ही सातवीत असताना घातलेला बांध आठवतो का? सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून रचल्या, आणि पाण्याने मधूनच वाट काढली. आम्ही एकमेकांच्या अंगावर धावलो. तुम्ही सगळ्यांना काठावर गोल बसवलंत आणि नियम सांगितलात: वाक्य 'मी'पासून सुरू करायचं, 'त्याने' आणि 'तिने' बंद. पहिल्यांदा बाळ्या म्हणाला, "मी गोणी अर्धीच भरली. पुरी भरलेली मला उचलत नाय." कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही लहान पिशव्या आणल्या आणि बांध उभा राहिला.

आज काय झालं ऐका. पाहुणे खोळंबायला नकोत म्हणून मुख्याध्यापक सरांनी कालच मजूर लावून ओढ्यावर बांध घालून घेतला होता. मुलांनी वर एकेक गोणी ठेवली, फोटो निघाले, पाय कोरडेच्या कोरडे. मग वर्गात आणून सरांनी फळ्यावर 'आत्मचिंतन' लिहिलं आणि खाली उत्तर: 'मी एकजूट शिकलो. मी सहकार्य शिकलो.' मुलांनी उतरवून घेतलं. मुलींनीसुद्धा 'शिकलो'च लिहिलं. ओ का ठो न कळता उतरवायचं, आणि याला चिंतन म्हणायचं?

एकटी मनाली, वरच्या ठाकरवाडीतली, तिने वेगळं लिहिलं: 'मी काही शिकली नाही. बांध आधीच बांधलेला होता.' सरांनी खोडरबर मागवला आणि तिच्याच हातून ते पुसायला लावलं.

"पाहुण्यांसमोर असं लिहितात का गं?"

"पन सर, आमी बांधलाच नाय," ती म्हणाली. रडली नाही. मला मात्र रडू आलं, रागाने.

पाहुणे गेल्यावर मी सरांना म्हटलं, आज सबंध वर्गात तेवढं एकच वाक्य खरं होतं. ते म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या. पुढच्या वर्षीपासून ओढ्यावर जायचंच नाही. कार्डशीटवर बांध काढू, स्वच्छ काम." स्वच्छ! तुमचं सगळं आयुष्य चिखलात गेलं आणि तुमच्या वर्षश्राद्धाला हे ठरतं?

तुमच्यावरही रागावले आहे. शेवटची वर्षं खोपोलीत लेकीकडे होतात, हाकेच्या अंतरावर. एकदा येऊन त्या पटांगणात नुसत्या उभ्या राहिल्या असतात, तरी हे असं करायला यांची छाती झाली नसती. का नाही आलात?

असो. आता ऐकायला तुम्ही नाही, पण सांगून ठेवते. सोमवारी मी वर्ग घेऊन ओढ्यावर जाणार आहे, परवानगी मिळो न मिळो. आधी तो मजुरांचा बांध मुलांच्या हातून उपसायचा, मग त्यांचा घालायचा. फुटला तर काठावर बसू. मनाली काय बोलेल ते सगळं ऐकून घेईन, आणि तिने लिहिलेल्या शब्दाला या शाळेत यापुढे कुणाचा खोडरबर लागू देणार नाही.

तुमच्याच वर्गातली,
सुनीता