रेडिएटरचं पाणी

सोलापूर, १२ डिसेंबर १९३६

सौ. दुर्गास,

दीड वर्षं जिच्यात आपण संसार केला, ती लॉरी आज मामांच्या गोठ्यात उभी केली. एकट्यानं तिच्यात राहवत नाही. आतला बाक, स्टोव्ह, तुझे डबे काढले. पाळण्यासाठी छताला ठोकलेली कडी मात्र निघेना.

थंडीत गाडी कशी ठेवायची, ते माझ्या विलायती पुस्तकात आहेच की. चाकं विटांवर चढवली, स्प्रिंगांना ग्रीस लावलं, बॅटरी काढली. पुढं लिहिलंय, रेडिएटर रिकामा करा, पाण्याचा बर्फ होतो.

सांगोल्याच्या माळावर हेच मी तुला वाचून दाखवलं होतं. तू हसलीस. "अहो, हितं प्यायला पाणी नाही, बर्फ कुठनं व्हायचा?" तरी मी पाणी सोडून दिलं, पुस्तकात होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारीच तुला कळा सुरू झाल्या, दोन महिने आधी. रेडिएटर कोरडा, गाडी चालवता येईना; बिरप्पा धनगर लांबच्या विहिरीवरून घागरी घेऊन येईपर्यंत दोन तास गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बाळ वाचलं असतं.

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितोय. तुला मैंदर्गीला न्यायला आलेल्या तुझ्या वडिलांना मी सांगितलं, गाडी बिघडली होती. तू माझ्याकडं बघितलंस. जाताना मागंही बघितलं नाहीस.

आज पुस्तक तिथंच मिटलं. रेडिएटर काठोकाठ भरून ठेवलाय. आतून गंजेल, लई लवकर गंजेल. गंजू दे.

तुझाच,
वेणीमाधव