कट्ट्याच्या चाव्या तिलेकला

मी, नुरझामाल तालीप-किझी, वय त्रेसष्ट, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार काराकोल, इसिक-कूल प्रांत, आज लिहून ठेवते की माझी बुद्धी जागेवर आहे, हात थरथरत नाही आणि काय लिहायचे ते शेजारी बसून कोणी सांगत नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला नोटरीबाईंनी मागितला म्हणून सोबत जोडला आहे. माझ्या भावाच्या मते तो दाखला मला २०१५ साली मिळाला नसता.

एप्रिलमध्ये बिश्केकला माझ्या पोटातली गाठ काढली. ती साधी निघाली. ऑपरेशनच्या आधी खाटेवर पडल्या पडल्या लक्षात आले की माझ्यामागे काय कोणाचे, हे कुठेच लिहिलेले नाही. आता घाई उरलेली नाही, म्हणून हे सावकाश, चहा घेत घेत लिहिते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

कलम १. माझे राहते घर, मागची जर्दाळूची झाडे आणि कोळशाची खोली माझी मुलगी आयझिरेक हिला. बँकेत जे असेल ते तिला आणि तिच्या दोन्ही मुलींना, तिघींना सारखे. हे कलम छोटे आहे, कारण यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही.

कलम २. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत २००१ ते २०१७ माझा कॉम्प्युटर क्लब होता. शाळेचा पगार महिनोन् महिने येत नव्हता, तेव्हा मी आणि माझे पती कुबात यांनी गाय विकून बिश्केकहून तीन जुने कॉम्प्युटर आणले. सासूबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या.

"दूध देणारं जनावर दिलंस आणि ही खोकी आणलीस? यांना चारा काय घालणार?"

"वीज, आई," कुबात म्हणाले.

"आणि वीज गेली की?"

वीज तर रोज जायची. तरी क्लब चालला. तीनाचे अकरा कॉम्प्युटर झाले. आज त्यांतले दोन सुरू होतात. ते, अकरा खुर्च्या आणि मोठे टेबल, मी ज्या शाळेत शिकवले त्या शाळेला. नको म्हणाले तर भंगारात द्यावे, भिडेखातर सांभाळू नये.

क्लबची पाटी २००९ साली चोरीला गेली. ती शेजारच्या मुकानबेतच्या खुराड्यावर छप्पर म्हणून आहे, हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. ती आता त्याच्या कोंबड्यांना बक्षीस दिली. पंधरा वर्षे मला पाहून रस्ता बदलतो बिचारा. त्याने आता सरळ चालावे.

कलम ३. क्लबमध्ये सगळ्यात जास्त चाललेला खेळ 'उत्तरखिंड'. पहिला भाग १९९८ चा. दोन टोळ्या, मधे डोंगर, आणि बर्फ पडायच्या आत आपापले कळप खिंडीपलीकडे न्यायचे. एकाने चाल करायची, तोवर दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचे, मग खुर्ची बदलायची. एका कॉम्प्युटरवर दोघांचा खेळ. मी आणि कुबात क्लब बंद केल्यावर रोज एक डाव मांडत असू. ते हरले की भांडी घासत.

दुसऱ्या भागाच्या नकाशात एक नदी चढावर वाहत होती. भूगोलाच्या बाईला हे कसे खपावे? मी खेळ काढणाऱ्यांना सहा पानी पत्र लिहिले, आकृतीसह. चार महिन्यांनी आभाराचे पत्र आले आणि तिसऱ्या भागात नदी उतारावर आली. ते पत्र काचेत घालून भिंतीवर लावलेले आहे. ते माझी थोरली नात बेगाइम हिला. चूक दिसली की कळवावे, एवढाच त्याचा अर्थ तिने घ्यावा.

दुसरा भाग मी आणि माझा धाकटा भाऊ तिलेक, दोघांनी किरगिझ भाषेत आणला होता. त्याची हस्तलिखित पाने, साधारण चौदाशे, तिलेकला. त्यांत त्याची अक्षरे सुंदर आहेत आणि शब्द चुकीचे, माझे उलट.

कलम ४. हे कलम लांबेल.

'उत्तरखिंड'वाल्यांचा इंटरनेटवरचा कट्टा मी आणि तिलेकने २००४ साली सुरू केला. करागंदा, खुजंद, ओश, कुठून कुठून लोक आले. चार हजारांवर सभासद झाले. तिलेक बाल्यक्चीत, इसिक-कूल सरोवराच्या पार दुसऱ्या टोकाला, रेल्वेच्या कारखान्यात जोडकाम करतो. तो येणाऱ्यांचे स्वागत करी, मी शिस्त बघे.

२०१३ मध्ये कुबात गेले. २०१५ मध्ये पाचवा भाग आला. त्यात पाळ्या नव्हत्या. सगळ्यांनी एकाच वेळी, आपापल्या घरून, हात चालतील तेवढ्या वेगाने खेळायचे. एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसायची सोयच काढून टाकली होती. मी अर्धा तास खेळले, बंद केला आणि कट्ट्यावर लिहिले, 'हा आमचा खेळ नाही.'

खाली तिलेकने लिहिले, 'आजवरचा सर्वांत चांगला भाग. ज्यांना जुनाच हवा आहे त्यांना खेळ नको आहे, आपल्या क्लबमधल्या खुर्च्या भरलेल्या हव्या आहेत.'

मी त्याला कट्ट्यावरून कायमचे काढले. कारण दिले नियम दोन: 'एकोप्याला बाधा आणणाऱ्यास जागा नाही.' तो नियम मी त्याच दिवशी, त्याला काढण्याच्या दहा मिनिटे आधी लिहिला होता. हे कोणाच्याही लक्षात आले नाही असे मी समजत होते.

त्याचा फोन आला. "एजे," तो मला लहानपणापासून अशीच हाक मारतो, थोरली म्हणून. "मला कट्ट्यावरून काढलंस की घरातून?"

"जे समजायचं ते समज," मी म्हणाले.

तो दोन्ही समजला. साडेआठ वर्षे आम्ही बोललो नाही. २०१८ मध्ये आयझिरेकच्या लग्नाचे मी त्याला बोलावणे केले नाही. तो तरी आला, फाटकापर्यंत. स्वतः जोडलेला लोखंडी झोपाळा शेजारच्या हालिमाकडे ठेवून परत गेला. तो झोपाळा आज आयझिरेकच्या अंगणात आहे, नाती त्यावर बसतात, मीही बसले आहे. कोणी दिला हे आयझिरेकने मला सहा वर्षे सांगितले नाही. कळले तर आई उपटून फेकेल, असे तिला वाटले. तिने मला बरोबर ओळखले होते.

सहावा भाग दोन्ही बाजूंना सारखाच आवडला नाही. कट्ट्यावर तेवढे एक वर्ष शांततेत गेले.

मागच्या हिवाळ्यात सातव्या भागाची पहिली चित्रे आली आणि कट्टा पेटला. जुने पाळीवाले एकीकडे, पाचव्यापासूनचे धावते दुसरीकडे. खेळ अजून बाहेरही आला नव्हता आणि लोक एकमेकांच्या आया-बहिणींपर्यंत पोचले होते. पोट दुखत असताना मी दिवसभर शिव्या पुसत बसे. मार्चअखेर मी लिहिले, 'ऑपरेशनसाठी बिश्केकला जात आहे. परत येईपर्यंत आपापल्या आईबापांची अब्रू राखा.'

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी दारात तिलेक उभा. केस पांढरे झालेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारले.

"तूच. कट्ट्यावर."

"तुला तर तिथे मज्जाव आहे."

"लिहायला. वाचायला नाही. साडेआठ वर्षं रोज वाचतोय, एजे. तुम्ही वाट्टेल ते बरळता आणि मला उत्तर देता येत नाही. जीभ चावून चावून अर्धी झाली."

मी म्हणाले, "सातवा भाग फालतू असणार."

"असणारच," तो खुर्ची ओढत म्हणाला. "परत पाळ्या आणल्यात. म्हातारे खूश, बाकीचे जांभया देणार."

"पाळ्या ठीक आहेत. रंग बघितलेस? ते डोंगर आहेत की वाढदिवसाचा केक?"

"रंगांना काय धाड भरलीय? रंग छान आहेत!"

दोन तास आम्ही अशा खेळाबद्दल भांडलो जो दोघांनीही पाहिला नव्हता. शेवटी नर्स आत आली. "तुम्ही भाऊ-बहीण आहात की वकील? आणि तो मासा आधी बाहेर न्या, सगळ्या मजल्यावर वास सुटलाय."

मासा बाहेर ठेवून तो परत आला तेव्हा आवाज उतरला होता.

"पाचवा तुला का नको होता ते मला तेव्हाही कळत होतं. जिजाजी गेले होते. तुला त्यांच्या शेजारची खुर्ची हवी होती. ते खुर्च्यांचं वाक्य मी लिहायला नको होतं. पण मला तो का आवडला, हे तू कधी विचारलंस?"

मी विचारले नव्हते.

"तुझ्या घरात अकरा खुर्च्या होत्या, एजे. बाल्यक्चीत माझ्याकडे कोण होतं? बायको निघून गेली. कामावरून यायचं आणि भिंतीकडे बघत जेवायचं. पाचवा आला आणि आठवड्याभरात करागंदाचा एक, ओशचा एक, रोज भेटायला लागले. तोंडं माहीत नाहीत अजून. पण एक दिवस नाही गेलो तर दुसऱ्या दिवशी विचारायचे, 'काल कुठे होतास रे?' आणि तू लिहिलंस, हा आमचा खेळ नाही."

मी चादरीची घडी घातली. मग सांगून टाकले, "तो नियम दोन मी तुला काढायलाच लिहिला होता."

"माहीत आहे. तिथे वेळ छापून येते. दहा मिनिटं आधी."

"मग बोलला का नाहीस?"

"कुठे बोलणार? काढलं होतंस ना मला!"

हसल्यामुळे पोटात कळ आली. तिलेक घाबरून नर्सला बोलवायला धावला.

ऑपरेशन झाले. गाठीचा अहवाल यायला अकरा दिवस लागतील असे सांगितले. ते दिवस कसे गेले असते माहीत नाही, पण पाचव्या दिवशी सातवा भाग बाहेर आला आणि तिलेकने लॅपटॉप आणला. आधी तो एकटा खेळला. मी उशीवरून त्याचे तोंड बघत होते.

"कसा आहे?"

"थांब."

अर्धा तास गेला. "तिलेक, कसा आहे?"

"नावं ठेवायला जागा शोधतोय."

"सापडली?"

"अजून नाही."

त्यात पाळ्याही होत्या आणि धावण्याचाही प्रकार होता. लांबच्याशी खेळता येत होते, आणि एका कॉम्प्युटरवर दोघांना बसताही येत होते. आम्ही बसलो. सहा दिवस रोज सकाळी डॉक्टरांची फेरी झाली की डाव सुरू.

अकराव्या दिवशी माझी चाल चालू असताना डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. मी म्हणाले, "एक मिनिट, कळप खिंडीत आहे."

"कळप राहू द्या," त्या म्हणाल्या. "गाठ साधी आहे. गुरुवारी घरी जा."

तिलेक नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही. खांदे हलत होते. मी चाल पुरी केली आणि म्हणाले, "झाली माझी पाळी. वळ."

"दोन मिनिटं दे, एजे," तो भिंतीलाच म्हणाला.

दोन मे रोजी घरी येताच मी नियम दोन रद्द केला आणि कट्ट्यावर जाहीर माफी मागितली. तिलेकने त्याच दिवशी पहिले लिखाण टाकले. मला वाटले आभार मानील. त्याने सातव्या भागावर मी दवाखान्यातून टाकलेल्या लेखातल्या सतरा चुका दाखवल्या. त्यांतल्या पाच खऱ्या आहेत.

सबब, माझ्या पश्चात कट्टा, त्याचे नाव, सर्व जुने लिखाण आणि परवलीचे शब्द, थोडक्यात सगळ्या चाव्या, तिलेकला. मात्र तो धावत्यांपैकी असल्याने त्याच्या जोडीला पाळीवाला खुजंदचा दिलोवर असावा; दोघांच्या संमतीशिवाय कोणालाही काढता येणार नाही. मतासाठी कोणालाही काढू नये. आईवरून शिवी दिली तर एक आठवडा. सहाव्या भागाची स्तुती करणाऱ्याला वेडा म्हणावे, पण राहू द्यावे.

कलम ५. माझे दफन कुबातशेजारी. कबरीत लॅपटॉप ठेवण्याची सूचना तिलेकने केली होती, ती फेटाळली आहे. चाळिसाव्या दिवशी कट्ट्यावरची माणसे आली तर त्यांची तोंडे पहिल्यांदाच एकमेकांना दिसतील. पाळीवाल्यांना आणि धावत्यांना वेगळ्या तंबूंत बसवू नये. मटण-शेवयांचे बेशबरमाक एकाच ताटात वाढावे आणि तिलेकने वाढावे.

कलम ६. या सगळ्याची अंमलबजावणी आयझिरेकने करावी. तिला गुपित ठेवता येते, हे सिद्ध झाले आहे.

वाटा मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून तिलेकला नोटरीबाईंनी बाहेर बसवले आहे. तो दारातून दोनदा डोकावला. "पाचव्याबद्दल काय लिहितेयस?" असे विचारले. उत्तर दिलेले नाही.

मजकूर वाचून झाल्यावर नोटरीबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला: वारसांपैकी कोणाशी काही वाद बाकी आहे का? मी सांगितले आणि त्यांच्यासमोर इथे लिहिते: होय. भाऊ तिलेक याच्याशी, पाचव्या भागाच्या दर्जाबद्दल. तो कोर्टात नेऊ नये आणि मी हयात असेपर्यंत मिटवूही नये.

हे सर्व मी वाचले, मला समजले आणि मला मान्य आहे.

(सही) नुरझामाल तालीप-किझी

साक्षीदार:
१. (सही) हालिमा मा, शेजारीण
२. (सही) झोया तिमोफेयेवना, निवृत्त रसायन शिक्षिका

माझ्यासमोर सह्या झाल्या: (सही) बुरुल सादिकोवा, नोटरी

स्थळ: काराकोल
दिनांक: १२ सप्टेंबर २०२४