जादा कवळी आणि न फाटलेल्या पट्ट्या

तीर्थरूप मामा,

पाया पडतो. (कागदावर पडतोय, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार नाही.) इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. मामींचा खोकला कसा आहे? आणि तुमची रोजची कवळी तडकली म्हणता, ती अगदीच गेली की सांभाळून घास घेता येतो? आमच्या थोरलीच्या लग्नात तुम्ही चार शब्द बोलणार, आणि आमच्याकडे ठेवलेली जादा कवळी घालूनच बोलणार, असं लिहिलंत. त्याबद्दलच लिहायला बसलोय. पण आधी नोकरीचं सांगतो, म्हणजे पुढचं पटेल.

तुम्ही दर खेपेला विचारता, तू तिथे नेमकं करतोस काय. तर एका मोठ्या संगणकाच्या पोटात आम्ही दुसरा, नुसता मानायचा संगणक चालवतो. त्याला आमच्यात पाहुणाच म्हणतात. यजमान, म्हणजे तो मोठा संगणक, त्याला मेमरी देतो, तिची बारीक बारीक पानं असतात. पाहुण्याने पानाला हात लावला की तिथे आपोआप खूण उमटते. आधी सगळ्या खुणा पुसायच्या, पाहुण्याला कामाला लावायचं, मग बघायचं. खूण नसलेलं पान काढून दुसऱ्याला देता येतं. या खुणा खरं बोलतात का, हे तपासणं माझं काम. (देवही आपल्याकडे असंच बघत असेल असं कधी मनात येतं, मग मी जरा भरभर हात चालवतो.)

लग्नासाठी हिला कपाटं रिकामी हवी होती. मी म्हटलं, काय टाकायचं ते शास्त्राने ठरवू. प्रत्येक डब्याला, बरणीला कागदाची पट्टी चिकटवली. उघडलं की फाटणार. ही म्हणाली, ‘झाडूलाही एक लावा, तुमचा हात लागतो का बघू.’ लावली नाही. त्या निकालाबद्दल मला शंका नव्हती. महिनाभराने ज्यांची पट्टी शाबूत, ते सगळं खोक्यात भरून इमारतीच्या पहारेकरीबाबांना देऊन टाकलं. हिने माझ्या नोकरीला पहिल्यांदाच उपयोगी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात माझ्या तपासणीत एकाही पानावर खूण उमटेना. खुणांची व्यवस्थाच खोटी आहे, असा मी लांबलचक अहवाल लिहिला. आमची साहेबीण (थोरलीच्या वयाची, पण काका म्हणूनच झापते) पडद्याकडे बघून म्हणाली, ‘काका, तुम्ही पाहुण्याला सुरूच केलं नाहीत. तो आलाच नाही, तर हात कशाला लावेल?’ सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता माझं तोंड उघडंच राहिलं. घरातली एक वस्तू पाहुणा आला तरच लागते, आणि आमचा पाहुणा महिनाभर तिकडे तुमच्या घरी, तुमच्याच रूपात बसला होता.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. कवळीची डबी त्या खोक्यातून गेली. पण हरवली म्हणू नका. पहारेकरीबाबांना ती अगदी चपखल बसली आहे. कधी न हसणारा माणूस आता फाटक उघडताना हसतो आणि दिवसभर चणे खातो.

ता. क. दुसरा. त्यांच्या तोंडातून मागायचा धीर मला होत नाही. तुम्ही वडीलधारे, आल्यावर तुम्हीच मागाल का?

ता. क. तिसरा. हिने विचारलंच. भाषणापुरती देतो म्हणाले, पण पंगत बसायच्या आत परत हवी. तेव्हा बोलणं आटोपतं घ्या. तुमच्या पानात मऊ भात वाढायला सांगितला आहे.