देवाचं घोंगडं

आप्पा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. गेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तरी तुमच्यापुढं कोणाची बोलायची टाप होती? म्हणून आज लिहायला बसले आहे, आणि आज तुम्हाला मधेच उठून जाता येणार नाही.

माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. पाटसला कारखान्याचा हंगाम लागला की रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, त्यांची टेपवरची गाणी, आणि हिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. म्हणून तिला घेऊन मी निमोण्याला, माहेरी आले. पहिली रात्र तिथंही तशीच गेली. दुसऱ्या संध्याकाळी तिनं खाटेवरचं तुमचं जुनं घोंगडं ओढलं आणि आपणहून त्याच्याखाली शिरली. फ्रॉकची शिवण टोचली तरी फ्रॉक फाडणारी पोर, तिला ती राठ लोकर चालली. तिला वजन हवं होतं. मी त्याची दुहेरी घडी करून गळ्यापासून पायांपर्यंत घातली, तळवे दाबत बसले, आणि तुमचं जेवण व्हायच्या आत ती झोपली. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी चुलीपाशी जाऊन रडले. अशा चार रात्री मिळाल्या.

पाचव्या दिवशी सकाळी घोंगडं ओलं झालेलं तुम्ही पाहिलंत आणि तिच्या अंगावरून ओढून नेलंत.

"जागरणाला ह्याच्यावर देव बसतो, पोरी. माझ्या बानं आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं इणून घेतलंय. मेंढरं गेली, येवढंच ऱ्हायलं. आन् तुझी पोर त्याच्यावर मुतती व्हय?"

"आप्पा, ती ह्याच्याखालीच झोपती वो."

"लाडानं बिघडवलीय तू तिला. दोन रोज रडंल, मग झोपंल गुमान."

तुम्ही ते रिठ्यानं धुवून घेतलंत, भंडारा लावलात आणि उंच दांडीवर टाकलंत. संध्याकाळी ती दांडीखाली उभी राहिली. तिला बोलता येत नव्हतं. काही हवं असलं की माझा हात धरून त्या वस्तूकडे न्यायची, दुसऱ्या कोणाला शिवायचीसुद्धा नाही. त्या दिवशी तिनं तुमचा हात धरला, आप्पा. धरून वर दांडीकडे नेला. तुम्ही हात सोडवून घेतलात आणि कांद्याला पाणी द्यायला निघून गेलात. ते मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

तिसऱ्या रात्री तिनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. शिरूरला नेऊन तीन टाके घातले. तुम्ही म्हणालात, "बाहेरचं हाय काहीतरी," आणि अंगारा आणलात. अंगारा आणायला तीन कोस चाललात; दांडीवरचं घोंगडं मात्र तुमच्या हाताला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मी तिला घेऊन निघाले.

पाटसला मी जुन्या लुगड्याच्या दुहेरी कापडात चौकोन शिवले आणि प्रत्येकात ज्वारी भरली. त्याच्याखाली ती झोपायला लागली. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला आणि म्हणाले, अशा काही मुलांना वजनानं शांत वाटतं, तुम्हाला हे कोणी शिकवलं? तुमचं नाव घ्यावं असं क्षणभर वाटलं होतं. घेतलं नाही. तुमच्या देवानं ते घोंगडं एकदाही अंगावर घेतलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा खाली काढलं, तर कसरीनं लोकर खाऊन चाळण केली होती.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, कारण इतकी वर्षं सासरी-माहेरी सगळ्यांना मी खोटं सांगत आले आणि वरही तेच लिहिलं आहे. तुम्ही काही ओढलं नव्हतंत. उंबऱ्यात उभं राहून नुसता हात पुढं केला होतात. पोरीच्या अंगावरून ते मी काढलं, घडी घातली आणि तुमच्या हातात दिलं. ती तेव्हा झोपलेली होती.