जेसनच्या अल्बममधला माझा ट्रंपेट

१२ जानेवारी
वही, माफ कर. नाताळात आणली, रोज लिहायचं ठरवलं, आणि आज पहिलं पान. कारणं आहेत. गुडघा, चष्मा, सुनेचा टीव्ही. शिवाय घडत काहीच नव्हतं. आज घडलं.
बहिणीचा नातू जेसन आला. त्याच्या बॅण्डचा अल्बम निघतोय, नऊ गाणी. मला वाटलं गिटार आणि आरडाओरडा. तर नाही. आठ व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या, गाणाऱ्यांचा कॉयर, सगळं भरगच्च. शेवटच्या गाण्यात सगळे थांबणार आणि अर्धं मिनिट एकटा ट्रंपेट. तो मी. म्हणाला, आजोबा, तुमचा तो हवा सुटणारा फाटका आवाजच पाहिजे, मयतीला वाजवता तसा.
पोरगा लाजून बोलतो. फाटका म्हणजे भारदस्त म्हणायचं असणार.
उमेळ्यात चाळीस वर्षं लग्नं आणि मयती वाजवल्या. नाव कुठे छापलं नाही. जेवण शेवटच्या पंगतीला. आता छापतील.

१५ जानेवारी, सकाळी ७
निश्चय: रोज दोन तास सराव. विडी बंद.
हवा सुटते ती पुढचे दोन दात नाहीत म्हणून. माणिकपूरला डेंटिस्टकडे माप देऊन आलो. काढता-घालता येणारे. जेसनला बोललो नाही. चकित होईल.

१६ जानेवारी
सराव दहा मिनिटं. समोरच्या बिल्डिंगमधल्या सुहासिनीबाई गॅलरीत येऊन विचारतात, सॅमीकाका, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, अल्बम आहे.
विडी एक. विडी सोडल्याच्या टेन्शनने.

३ फेब्रुवारी
दात बसले. टोचतात. ॲन्सेल्म बघायला आला. आमच्या बॅण्डचा ढोल याने तीस वर्षं बडवला. म्हणतो, येड्या, त्या पोराला तुझी फट पाहिजे होती, तू फटच बुजवलीस. जळतो. ढोलाला कोणी बोलावलं नाही.

८ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग झालं. वरातीचा लाल कोट घातला. व्हायोलिनवाल्या मुली कागद बघून वाजवतात. मी सातवीत शाळा सोडली, मला तो कागद वाचता येत नाही. जेसनने गुणगुणून दाखवलं, मी वाजवलं. स्वच्छ. हवा जराही सुटली नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भारावले असणार. रेकॉर्डिंगवाली क्षितिजा म्हणाली, काका, हे कीबोर्डवर वाजवल्यासारखं येतंय. कीबोर्ड केवढा महाग असतो!
मग जेसन कानाशी येऊन म्हणाला, आजोबा, दात काढून एकदा वाजवाल? त्या मुलींसमोर! मी म्हटलं, चाळीस वर्षं वाजवतोय, मला शिकवू नकोस. माणसाला मान असतो.
जेसन म्हणाला, बघतो मिक्सिंगमध्ये. म्हणजे माझं मिक्स होणार.

२ मार्च
जेसन फोन उचलत नाही. कामात असेल. सून ज्युली म्हणते, पप्पा, समजून घ्या ना. काय समजायचं? यापुढे फोन करायचा नाही, असं ठरवलं. तेवढं कळवायला दोनदा केला. उचलला नाही.

११ एप्रिल
अल्बम आला. ज्युलीच्या फोनवर नऊही गाणी चार वेळा ऐकली. शेवटच्या गाण्यात व्हायोलिनं चढत जातात, त्यावर कॉयर, अंगावर काटा येतो. मग सगळे थांबतात. आणि कोणीतरी शीळ घालतं. अर्धं मिनिट. चांगली घालतं.
ट्रंपेट शिळेच्या खाली असणार. फोनचा स्पीकर लहान आहे.
ज्युलीने नावं वाचली. सत्तावीस. कॉयरला चहा देणाऱ्याचंही आहे. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचली, मग म्हणाली, पप्पा, जेवून घ्या.
ॲन्सेल्म उद्या ऐकायला येतोय. मीच बोलावलं होतं.
जेसनला मेसेज पाठवायचा आहे. आधी इथे कच्चा लिहितो: जेसन, अल्बम छान झालाय. माझा ट्रंपेट किती मिनिटांवर आहे ते सांग, मला सापडत नाही. नसेल तर अजून घालता येतो का? मी दात काढून येतो. मुली असल्या तरी चालतील. लवकर कळव.