जावयाचे तीन बदाम

चिरंजीव धाकट्यास थोरलीचे आशीर्वाद.

तुला एक थोरली बहीण आहे, एवढी आठवण करून द्यायला हे पत्र. चष्मा कपाळावर असेल, तो खाली ओढ आणि मग वाच. तब्येत कशी आहे ते कळव. 'कळवायचं राहून गेलं' असं तू पुढच्या वर्षी कळवशीलच, तोवर बरी आहे असं मी धरून चालते. माझे गुडघे होते तसेच आहेत, बसले की उठत नाहीत आणि उठले की बसत नाहीत. पत्त्यांच्या ब्रिजला नुसतं बसावंच लागतं, म्हणून निभतंय. अक्षर लेकीचं आहे. दिवसभर औषधाच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर लावून लावून तिचं स्वतःचं अजून शाबूत आहे हे विशेष. मी सांगते, ती लिहिते, आणि मध्येच पेन थांबवून माझ्याकडे बघते. (आताही थांबवलं. लिही गं, हेही लिही.)

तू मुलाकडे राहायला गेलास तेव्हा कपबशा मोजून नेल्यास, जोडीदार मात्र इथेच विसरलास. तुझ्या खुर्चीवर आता जावईबापू बसतात. त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा बोलायचा नाही मला. माणूस सोन्यासारखा. धंदा विम्याचा, म्हणजे दिवसभर लोकांना सांगत हिंडायचं की आयुष्याचा काही भरवसा नाही, उद्या छप्पर पडेल, परवा पाय मोडेल, वेळीच सावध व्हा. बहुधा जवळची सगळी सावधगिरी अशी वाटण्यातच संपते, कारण संध्याकाळी पत्ते हातात आले की स्वतःसाठी चिमूटभरही उरलेली नसते. मी कधी काही म्हणत नाही. जावयाला 'नाही' म्हणायचं नसतं हे आपल्या आईने मला लग्नाच्याही आधी शिकवलं होतं. अक्षरं शिकवायला तिला सवड झाली नाही, हे मात्र वेळेवर शिकवलं. त्यामुळे बोलीत ते 'एक बदाम' म्हणाले की मी 'दोन' म्हणते, ते 'तीन' म्हणाले की मी 'चार' म्हणते, आणि मग माझे पत्ते टेबलावर उघडे मांडून, बोललेले हात न होता ते बुडतात कसे ते बघत बसते. आपल्या संघाचे कप्तान दंतवैद्य. ते प्रत्येक वेळी एवढंच म्हणतात, "आजी, कधीतरी पास म्हणून बघा, दुखत नाही."

तर परवा उपान्त्य सामना होता. संघांच्या सामन्याची रीत तुला ठाऊक आहे, पण तू विसरतोस म्हणून सांगते. दोन टेबलं, दोन खोल्या, आणि पत्ते तेच. पहिल्या टेबलावर जे पत्ते मी आणि जावईबापू खेळलो, तेच जसेच्या तसे दुसऱ्या खोलीत समोरच्या संघाची माणसं खेळणार, आणि तिथे त्यांना अडवायला आपली लेक आणि दंतवैद्य. म्हणजे पत्ते वाईट आले अशी रड करायला कुणाला जागाच नाही. (ब्रिज शोधणाऱ्याला नातेवाईक फार असावेत.)

शेवटच्या डावापर्यंत दोन्ही संघ अगदी बरोबरीत. आमच्या टेबलाचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठा. समोर सारख्या स्वेटरमधले दोन गृहस्थ, दोघांचेही चेहरे बंद दुकानासारखे. जावईबापूंनी 'एक बदाम' मांडला. माझ्या हातात एक राजा, एक राणी, एक गुलाम, तेही तिघे तीन रंगांत एकमेकांशी अबोला धरल्यासारखे, आणि बारकीसारकी तीन बदामं. मी 'दोन बदाम' केले. हे बरोबर होतं, दंतवैद्यही तसं म्हणतात. त्यावर जावईबापूंनी 'तीन' टाकले. म्हणजे ते विचारत होते, सासूबाई, तुमच्याकडे थोडं जास्तीचं असेल तर चारला चला, नसेल तर इथेच थांबू. आता जास्तीचं कुठून आणू? होतं ते सगळं 'दोन'मध्येच सांगून झालं होतं, त्यातही राणीला जरा नटवून सांगितलं होतं.

सामन्यात बोली तोंडाने नसते, पेटीतलं कार्ड काढून मांडायचं; पासचं कार्ड हिरवं असतं आणि चार बदामांवर बदाम असतो, त्यामुळे मला वाचण्याची अडचण कधीच आली नाही. अडचण आईची होती. एक बोट हिरव्यावर, एक बदामावर. ब्रिजमध्ये फार वेळ विचारही करता येत नाही, कारण सासू विचारात पडली एवढ्यावरूनच जावयाला काय ते कळतं, आणि पंच येऊन उभा राहतो. जावईबापू पंख्याकडे बघत होते, विम्याचा हप्ता आलाच आहे अशा चेहऱ्याने. धाकट्या, मी जन्मात पहिल्यांदा त्यांना 'नाही' म्हटलं. हिरवं कार्ड मांडलं. स्वेटरवाल्यांपैकी एकाने माझ्याकडे पहिल्यांदाच माणसासारखं पाहिलं.

तीन बदामांना नऊ हात लागतात. त्यांनी नऊ केले. बरोबर नऊ, एक कमी नाही की एक जास्त नाही. दुसऱ्या खोलीत तेच पत्ते घेऊन त्या लोकांनी 'चार' म्हटलं, दहा हात काढायला गेले, आपल्या लेकीने पहिलंच पान चौकटीचं टाकलं, आणि ते एका हाताने बुडाले. तेवढ्या एका डावावर आपण सामना जिंकलो. दंतवैद्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मला वाटलं, चला, आजवरचं फेडलं.

घरी आल्यावर जावईबापू म्हणाले, "सासूबाई, तुम्ही तीनच मागितलेत म्हणून मी नऊच केले. चार म्हणाला असतात तर दहा करावेच लागले असते." लेक म्हणाली, "अहो, त्या लोकांनी म्हटले ना चार, बुडाले ना." तर ते म्हणतात, "बुडाले नाहीत, तू बुडवलंस. चौकट काढलीस." "मग काय काढायला हवं होतं? ते आपल्या विरुद्धचे लोक होते." "लोक त्यांचे होते. पत्ते माझे होते."

तेव्हापासून घरात अबोला आहे. मीठ हवं असलं तर ते मिठाकडे बघतात. काल त्यांनी दंतवैद्यांना फोन करून सांगितलं की जिथे जोडीदाराचा विश्वास नाही तिथे बसण्यात अर्थ नाही, अंतिम सामन्याला दुसरा माणूस बघा. सामना महिनाअखेरीस, आता दुसरा माणूस कुठून बघायचा? चौथा नसला तर संघ बाद, आणि अंतिम सामन्यापर्यंत आपण ह्यापूर्वी कधी पोचलोच नव्हतो. ह्या वयात 'पुढच्या वर्षी' हे शब्द मी जरा जपूनच वापरते.

बाकी सगळं क्षेम. सुनेला, नातवंडांना आशीर्वाद सांग. कुणाला सांगायचे ते विसरलास तर घरात दिसेल त्याला सांग.

तुझी,
थोरली

ता. क. लेकीचा आग्रह म्हणून लिहिते. जावईबापू पत्त्यांत कुणाचा शब्द मानत असतील तर तो तुझा, मामासासऱ्यांचा. तू त्यांना चार ओळी लिही की, डाव मी मांडून पाहिला, तुमचे दहा हात होते, 'चार' म्हणायलाच हवं होतं. डाव मांडू नकोस, नुसतं लिही. म्हणजे ते अंतिम सामन्याला बसतील आणि घरात मीठ पुन्हा तोंडाने मागितलं जाईल.

ता. क. दुसरा. अक्षर बदललं म्हणून घाबरू नकोस, हे दंतवैद्य लिहितायत. लेक दुकानात गेली आहे आणि पाकीट चिकटवायचं काम मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. वरचा ता. क. विसर, तेवढं तुला जमेल. असं काही लिहू नकोस. लिहिलंस तर ते बसतील, 'तीन' म्हणतील, आणि मला 'चार' म्हणावंच लागेल, कारण तुझी सही त्यांच्या खिशात असेल. त्यापेक्षा तू स्वतःच ये आणि माझ्यासमोर बस. मामा अचानक आले म्हटल्यावर ते आपण होऊन खुर्ची सोडतील, मोठ्यांचा मान राखला म्हणून चार लोकांत सांगतील, आणि रुसवाही त्यातच निघेल. दंतवैद्यांनी तुझं नाव आजच देऊन टाकलं आहे, तेव्हा विचार करू नकोस, पंच येतो.

एकच धास्ती आहे. जावईबापू माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून सामना बघणार, आणि प्रेक्षकाच्या तोंडून शब्द निघाला तर दंड आपल्याला. म्हणून येण्याआधी टॉफीचा मोठा डबा पाठवून दे, एक तोंडात टाकली की जबडा उघडत नाही तसली. दातांचं काय व्हायचं ते आपण बघून घेऊ, असं दंतवैद्य लिहिता लिहिता म्हणतायत. मऊ पाठवू नकोस, ती गिळून लगेच बोलता येतं.